शेळी कधी लागली, कधी विणार? सोलापूर भागातल्या छोट्या कळपासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात आमची वस्ती आहे. चौदा शेळ्या, एक बोकड, सगळा कळप उस्मानाबादी जातीचा. आसपास ज्यांच्या दावणीला चार-सहा शेळ्या आहेत ती माणसं येता-जाता जे विचारतात, ते इथे एकत्र लिहिलंय. विचारणाऱ्या बहुतेक अक्का, वहिनी, मावश्याच असतात, कारण घरोघरी शेळ्या बघतात त्याच. एक गोष्ट आधीच सांगते. शेळी कोणत्या तारखेला लागली, म्हणजे गाभण राहिली, हे लिहून ठेवलेलं नसेल, तर खालची निम्मी उत्तरं वापरताच येणार नाहीत. खुराक कधी वाढवायचा, लस कधी द्यायची, रात्री जागायचं कधी, हे सगळं त्या एका तारखेवरून मोजायचं असतं. गोठ्याच्या भिंतीवर कॅलेंडर टांगा आणि त्याला पेन बांधून ठेवा.

शेळी माजावर आलीय हे कसं ओळखायचं?

पहिली शंका आवाजावरून येते. एरवी गरीब असणारी शेळी पहाटेपासून सारखी ओरडते, चाऱ्यात तोंड घालते आणि सोडून देते. शेपूट एकसारखी हलवते, थोडी थोडी लघवी करते, दुसऱ्या शेळ्यांवर चढते किंवा त्यांना अंगावर चढू देते. मागची जागा सुजल्यासारखी आणि लालसर दिसते. शेपटीखाली सोट, म्हणजे चिकट स्राव, असतो. तो आधी पाण्यासारखा नितळ, मग गढूळ आणि माज संपत आला की पांढरट घट्ट होतो.

काही शेळ्यांचा माज मुका असतो, त्या ओरडतच नाहीत. अशा वेळी बोकडावर विश्वास ठेवा. त्याच्या पोटाला गोणपाट बांधून सकाळ-संध्याकाळ कळपात दहा मिनिटं फिरवा. माजावरची शेळी तो बरोबर शोधतो, आणि गोणपाटामुळे तुमच्या मनाविरुद्ध भरवणी, म्हणजे बोकडाशी मिलन, होत नाही.

मग बोकड नेमका कधी दाखवायचा?

माज साधारण 24 ते 36 तास टिकतो आणि बीज सुटतं ते माजाच्या शेवटाकडे. त्यामुळे ओरडायला लागली की लगेच पळवत नेण्यात फायदा नाही. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी दाखवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर बारा तासांनीही शेळी उभी राहत असेल तर पुन्हा एकदा दाखवा. सोट गढूळ झालेला असतो ती वेळ सगळ्यात चांगली.

चढला म्हणजे लागली असं समजायचं का?

नाही. बोकड दहा वेळा चढतो-उतरतो, त्यातली खरी उडी एकच असते. ती क्षणभराची असते. बोकड पुढे जोरात झेप घेतो, मान मागे टाकतो आणि उतरून शांत उभा राहतो, शेळी पाठीची कमान करते. हे डोळ्यांनी बघा, मगच तारीख लिहा. बोकड कुणाचा होता तेही तारखेशेजारी लिहा.

पाट, म्हणजे अजून न व्यायलेली तरुण शेळी, पहिल्यांदा कधी भरवावी?

वयापेक्षा वजन बघा. पाट पाच-सहा महिन्यांतही माजावर येते, पण तेव्हा भरवली तर तिची स्वतःची वाढ खुंटते, पिल्लू अडतं आणि दूधही उतरत नाही. उस्मानाबादी पाट 20 ते 22 किलोची झाली, म्हणजे मोठ्या शेळीच्या साधारण दोन तृतीयांश, की भरवा. चांगल्या चाऱ्यावर हे वजन दहा-बारा महिन्यांत येतं. वजनकाटा नसेल तर धान्याच्या काट्यावर आधी एकटे उभे राहा, मग पाट उचलून उभे राहा आणि फरक काढा.

इथे एक चूक घरोघरी होते. नर पिल्लं चार महिन्यांची झाली की शेळी भरवू शकतात, आणि ती मात्र आई-बहिणींतच बागडत असतात. तीन महिने झाले की नर वेगळे बांधा, नाहीतर विकायचे नर खच्ची करून घ्या. "पाट कुणाची लागली कळेचना" असं सांगत जे येतात, त्यांच्या दावणीला असा एखादा चार महिन्यांचा बोकड सापडतोच.

बोकड निवडताना काय बघायचं?

दोन्ही गोळ्या सारख्या, भरीव आणि मोकळ्या लोंबणाऱ्या हव्यात. एकच गोळी उतरलेली असेल तर तो बोकड कितीही देखणा असो, पैदाशीला घेऊ नका. पाय सरळ, छाती रुंद, जबडा वर-खाली जुळलेला. दोन दाती झालेला, म्हणजे दोन पक्के दात आलेला, असावा. आणि शक्य असेल तर त्याची आई बघा. जुळं देणारी, दोन्ही पिल्लांना पुरून उरेल एवढं दूध असणारी आई असेल तर तो गुण त्याच्या पाटींत उतरतो. बाजारात फक्त बोकड दिसतो, त्याची आई दिसत नाही. म्हणून मी बोकड सांगोल्याच्या रविवारच्या बाजारातून न घेता ओळखीच्या कळपातून घेते. सांगोला तालुक्यातच महूदला शेळी-मेंढी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथेही चौकशी करून ठेवावी.

शिंगांबद्दल मुद्दाम लिहिते, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. आपल्या उस्मानाबादीत भुंड्या, म्हणजे बिनशिंगाच्या, शेळ्या बऱ्याच असतात. भुंडी शेळी चालते, पण तिच्यावर भुंडा बोकड घालू नका. दोघांकडून बिनशिंगाचा गुण उतरला तर मादी पिल्लं नर-मादीच्या मधली निपजतात. दिसायला पाट, पण कधी माजावर येत नाही, कधी लागत नाही. वर्षभर सांभाळल्यावर कळतं. बोकड शिंगांचा असला की हा प्रश्नच येत नाही.

माझ्याकडे चारच शेळ्या आहेत. स्वतःचा बोकड ठेवू का?

माझ्या मते नको. एक बोकड 20-25 शेळ्यांना पुरतो. चार शेळ्यांसाठी त्याला वर्षभर खाऊ घालणं परवडत नाही. वस्तीवरच्या चार-पाच घरांनी मिळून एक चांगला बोकड ठेवावा. फक्त एक बघा. बोकड घरोघरी फिरणार म्हणजे रोगही फिरणार. त्याची सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, रक्ततपासणी करून घ्या आणि गाभ टाकलेल्या शेळीला तो दाखवू नका.

एकच बोकड किती वर्षं वापरायचा?

दीड-दोन वर्षं. त्याच्या स्वतःच्या पाटी भरवायला आल्या की तो बदला. बाप-लेकीची भरवणी झाली की पिल्लं किडकी होतात, मरतूक वाढते. दुसऱ्या गावच्या कळपाशी अदलाबदल करा, पैसेही वाचतात.

कोणत्या महिन्यात भरवलेलं चांगलं?

याचं उत्तर उलटं शोधायचं. पिल्लं कोणत्या महिन्यात जन्मावीत ते आधी ठरवा, मग पाच महिने मागे या.

आपल्या जिल्ह्यात पाऊस कमी, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. मे अखेर ते जूनमध्ये भरवलेली शेळी ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरात विते. तेव्हा बांधावर हिरवं असतं, भुईमुगाचा पाला असतो, तुरीचा पाला येऊ लागतो आणि पावसाचा चिखल सुकलेला असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात भरवलेली फेब्रुवारी-मार्चात विते. तेव्हा शाळू (रब्बी ज्वारी) काढणीला आलेला, घरात नवा कडबा, हरभऱ्याचं भुसकट, आणि बाभळीच्या शेंगा पडायला सुरुवात. या दोन वेळा आपल्या.

टाळायच्या वेळाही दोन. नोव्हेंबर-डिसेंबरात भरवली तर पिल्लं एप्रिल-मेमध्ये येतात. ऊन 42-43 अंशांवर, चारा संपलेला, आईला पान्हा नाही. जानेवारी-फेब्रुवारीत भरवली तर पिल्लं जून-जुलैत, म्हणजे ओल, चिखल, न्यूमोनिया आणि हगवण.

"दोन वर्षांत तीन वेतं" सगळेच सांगतात. आठ महिन्यांचं चक्र धरलं तर नोव्हेंबर, जुलै, मार्च आणि पुन्हा नोव्हेंबर अशी वेतं पडतात. म्हणजे दर तीन वेतांतलं एक भर पावसाळ्यात येणार. ज्यांच्याकडे जमिनीपासून उंच, कोरडा माचा आहे आणि दारात शेवरी, सुबाभूळ, मेथी घास आहे, त्यांनी खुशाल तीन वेतं घ्यावीत. ज्यांचा गोठा गळतो त्यांनी जुलैचं वेत सोडून द्यावं. पावसात पाच पिल्लं गमावली की आणखी तीन-चार महिने थांबणं स्वस्त वाटतं.

उन्हाळ्यानंतर बोकड दाखवूनही शेळ्या उलटतात, म्हणजे पुन्हा माजावर येतात. का?

बोकडाचं बीज तयार व्हायला जवळजवळ दोन महिने लागतात. जूनमध्ये त्याच्याकडे जे बीज असतं ते एप्रिल-मेच्या उन्हात तयार झालेलं असतं. पत्र्याखाली तापलेला बोकड जूनमध्ये जोमाने चढेल, पण शेळी 21 दिवसांनी पुन्हा ओरडेल. म्हणून जूनच्या भरवणीची तयारी एप्रिलमध्ये सुरू करा. बोकड लिंबाच्या सावलीत बांधा, पाणी दिवसभर समोर ठेवा, पत्र्यावर पाचट टाका. शेळ्यांनाही हेच लागू. भरवल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत शेळीला उन्हात लांब चालवलं तर गर्भ पोटातच जिरतो आणि आपल्याला वाटतं ती लागलीच नव्हती.

सगळ्या शेळ्या एकाच वेळी माजावर आणता येतात का?

बऱ्याच प्रमाणात, आणि इंजेक्शनाशिवाय. बोकड महिनाभर इतका लांब ठेवा की शेळ्यांना तो दिसणार नाही, त्याचा आवाज आणि वासही येणार नाही. पाहुण्याच्या रानात नेऊन बांधला तरी चालेल. मग एकदम कळपाशेजारी आणून बांधा. पुढच्या आठ-दहा दिवसांत बऱ्याचशा शेळ्या माजावर येतात. त्याच वेळी, म्हणजे भरवणीच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, रोज प्रत्येकी 200 ते 250 ग्रॅम भरडा (धान्य-पेंडीचं मिश्रण) सुरू केला आणि भरवल्यावर दोन आठवडे चालू ठेवला, तर जुळ्यांचं प्रमाण वाढतं. सडपातळ शेळ्यांत याचा गुण जास्त दिसतो. आधीच लठ्ठ असलेल्या शेळीला भरडा वाढवून काही मिळत नाही.

बकरी ईदसाठी बोकड तयार करायचे असतील तर?

कुर्बानीच्या बोकडाला वर्ष पूर्ण झालेलं लागतं. म्हणून पिल्लू ईदच्या तेरा-चौदा महिने आधी जन्मावं, म्हणजेच शेळी ईदच्या अठरा-एकोणीस महिने आधी भरावी. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. 2025 मध्ये ती 7 जूनला होती. तीन वर्षांत महिनाभराचा फरक पडतो, तेव्हा जुना हिशेब तसाच चालवू नका.

कृत्रिम रेतन करावं का?

बोकड मिळत नसेल किंवा रक्त बदलायचं असेल तर करावं. पण माजाची वेळ अचूक धरता आली पाहिजे आणि रेतन करणाऱ्याचा हात शेळीत बसलेला हवा. गायीचा अनुभव इथे पुरत नाही. नैसर्गिक भरवणीपेक्षा उलटण्याचं प्रमाण जास्त राहतं.

लागली की नाही हे कधी आणि कसं कळतं?

भरवल्यापासून 18 ते 21 दिवसांवर कॅलेंडरवर खूण करा. त्या दिवसांत पुन्हा माज दिसला तर लागली नाही. नाही दिसला तर बहुतेक लागली. बहुतेकच, कारण मुका माज असतो आणि कधी गर्भपिशवीत नुसतं पाणी भरूनही माज थांबतो. खात्री हवी असेल तर 35 दिवसांनंतर सोनोग्राफी. चौथ्या महिन्यात हाताने कळतं. सकाळी चारा घालण्याआधी शेळीच्या उजव्या कुशीखाली तळहात लावून हलकं वर उचला. आत काहीतरी कठीण येऊन हाताला टेकतं. डाव्या बाजूला चाऱ्याचं पोट असतं, तिथे चाचपून उपयोग नाही. पोट दाबू नका.

तीनदा दाखवूनही उलटली तर डॉक्टरांना दाखवा. त्याच बोकडाच्या बाकीच्या शेळ्याही उलटत असतील तर दोष बोकडात शोधा.

विण्याची तारीख कशी काढायची?

गाभणकाळ सरासरी 150 दिवसांचा. पाच महिने पुढे जा आणि तीन दिवस मागे या. 1 जूनला लागलेली 29 ऑक्टोबरला, 15 सप्टेंबरला लागलेली 12 फेब्रुवारीला. पाच दिवस अलीकडे-पलीकडे होतं. पोटात जुळं-तिळं असलं की जरा आधीच विते.

गाभण शेळीला खायला काय आणि किती?

पहिले तीन महिने फार काही वेगळं नको. चराई, कडब्याची कुट्टी, थोडा हिरवा पाला आणि 200 ग्रॅमच्या आसपास भरडा. गर्भाची खरी वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते, आणि नेमकं तेव्हाच पिल्लांनी पोट व्यापल्यामुळे शेळी एका वेळी कमी खाते. म्हणून चौथ्या महिन्यापासून भरडा हळूहळू 350-400 ग्रॅमपर्यंत न्या आणि दोन-तीन वेळांत वाटून द्या. दहा किलोचं मिश्रण मी असं करते: भरडलेला मका 5 किलो, शेंगदाणा पेंड 2 किलो, तूर चुनी आणि गव्हाचा कोंडा मिळून 2 किलो 700 ग्रॅम, मिनरल मिक्श्चर 200 ग्रॅम, मीठ 100 ग्रॅम. बुरशी लागलेली पेंड किंवा कुट्टी गाभण शेळीला अजिबात नको. पाणी स्वच्छ आणि दिवसभर.

आता वाढ्यांचं. गळीत हंगामात आपल्याकडे उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, फुकट नाहीतर नाममात्र दरात मिळतात आणि दोन-तीन महिने शेळ्या त्यावरच असतात. वाढ्यांतलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. गाभण शेळीला नेमकं तेच हवं असतं. वाढे एकूण चाऱ्याच्या चौथाईवर नेऊ नका, सोबत शेवरी, सुबाभूळ किंवा हरभऱ्याचं भुसकट द्या आणि मिनरल मिक्श्चर चुकवू नका. आणि शाळू कापल्यावर पाऊस पडून जे कोवळे फुटवे येतात, त्या रानात कोणतंच जनावर सोडू नका, ते विषारी असतात. तासाभरात जनावर जातं.

शेवटच्या महिन्यात शेळी खायची बंद झाली. अपचन असेल का?

असंच मलाही वाटलं होतं. कळप सुरू केला त्या दुसऱ्या वर्षी आमची सगळ्यात थोराड शेळी, विण्याला तीन आठवडे राहिलेली, कळपापासून लांब भिंतीकडे तोंड करून उभी राहायला लागली. आधी भरडा सोडला, मग चारा. दात करकर वाजवायची. तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास यायचा. सासूबाई म्हणाल्या, "काय तरी बाधलंय तिला, तेल पाज." तेल पाजलं. दुसऱ्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही, तिसऱ्या दिवशी गेली. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा आत तीन पिल्लं होती, केसांसकट पुरी झालेली. महिनाभर मी तिला नुसत्या वाढ्यांवर ठेवलं होतं.

याला गाभणकाळातली विषबाधा म्हणतात. पोटातली पिल्लं साखर ओढून घेतात, खाण्यातून ती भरून येत नाही, मग शेळी अंगातली चरबी जाळते आणि त्यातून तयार होणारे विषारी पदार्थ तिला बसवतात. फार हडकुळ्या आणि फार लठ्ठ, दोन्ही प्रकारच्या शेळ्यांना होतं, पोटात जुळं-तिळं असलं की जास्त. भरडा सोडला त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. ग्लुकोज आणि पाजायचं औषध वेळेत मिळालं तर शेळी वाचते. डॉक्टर येईपर्यंत, गिळत असेल तरच, गुळाचं पाणी थोडं थोडं तोंडाच्या कडेने पाजा, मान वर ओढू नका, नाहीतर पाणी छातीत जातं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री नंबर आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

गाभण शेळीला जंताचं औषध आणि लस चालते का?

चालते, पण कोणती आणि कधी ते बघून. अल्बेंडाझोल पहिल्या दीड महिन्यात देऊ नका, गर्भाला व्यंग येऊ शकतं. शेळी लागलीय की नाही माहीत नसतानाही देऊ नका. त्याऐवजी फेनबेंडाझोल डॉक्टरांना विचारून द्या. आंत्रविषाराची लस विण्याच्या तीन-चार आठवडे आधी दिली तर चिकातून पिल्लांनाही संरक्षण मिळतं. पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची, लस भरवणीआधीच उरकून घ्या. लस देताना गाभण शेळी पाडू नका, पाय धरून ओढू नका. उभी धरूनच टोचायची.

शेळीने गाभ टाकला. आता काय?

आधी स्वतःला जपा. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातात घाला. घरात गर्भार बाई असेल तर तिला गोठ्याकडे फिरकू देऊ नका. पडलेला गर्भ, वार (गर्भाबरोबर पडणारं आवरण) किंवा त्याखालचा चारा तिच्या हाताला लागू नये, कारण यातले काही रोग माणसाला होतात आणि तिच्याही पोटातल्या बाळाला धोका असतो. ब्रुसेलोसिस झाला की माणसाला महिनोन्‌महिने येऊन-जाऊन ताप येतो, सांधे धरतात, आणि बऱ्याचदा निदान उशिरा होतं. त्या शेळीचं दूध, आणि खरं तर कोणत्याच शेळीचं दूध, कच्चं पिऊ नका.

मग शेळी वेगळी बांधा, निदान तीन आठवडे. कुत्री ओढून नेतात, म्हणून गर्भ आणि वार लगेच ताब्यात घ्या. डॉक्टर नमुना घेणार असतील तर झाकून ठेवा, नाहीतर खोल खड्डा करून वर-खाली चुना टाकून पुरा. जागा चुन्याने किंवा फिनाईलने धुवा.

एखाद्या शेळीने एकदा गाभ टाकला तर कारण साधं असू शकतं. दुसरीने शिंग मारलं, गव्हाणीवर रेटारेटी झाली, टेम्पोतून लांब आणली. पण एका हंगामात दोन-तीन शेळ्यांनी टाकला तर रोगच समजा आणि सगळ्या कळपाची रक्ततपासणी करा. तपासणीत ब्रुसेलोसिस निघालेली शेळी कळपात ठेवू नका आणि दुसऱ्याच्या गळ्यातही मारू नका. हे दुसरं मी पोटतिडकीने लिहितेय, कारण आमच्या भागात रोग पसरतो तो असाच, बाजारातून बाजारात.

बाजारातून गाभण शेळी घ्यावी का?

चार महिन्यांच्या पुढची घेऊ नका. प्रवासात दगावते किंवा टाकते. "दोन महिन्यांची गाभण आहे" हे विकणाऱ्याचं बोलणं बाजारात उभं राहून पडताळता येत नाही, तेव्हा रिकाम्या शेळीचाच भाव द्या. आणली की 21 दिवस कळपापासून वेगळी.

दूध काढणं कधी थांबवायचं?

विण्याच्या दोन महिने आधी. आठवडाभर भरडा कमी करा, एक वेळची धार सोडा, मग दुसरी. कास घट्ट, गरम वाटली तर दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, शंका घ्या.

आज-उद्या विणार हे कसं कळतं?

शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना पेन्सिलीएवढ्या दोरीसारखे स्नायूबंध हाताला लागतात. शेवटच्या आठवड्यात रोज तिथे बोटं लावा. ज्या दिवशी ते लागेनासे होतील आणि माकडहाडाची जागा खोलगट होईल, त्यानंतर साधारण दिवसभरात शेळी विते. कास तट्ट फुगून चकाकते, सड ताठ होतात. शेळी कोपरा धरते, पुढच्या पायांनी जमीन उकरते, स्वतःच्या कुशीकडे वळून वळून बघते. तिला कोरड्या जागेत, ताज्या भुसकटावर मोकळी सोडा.

वेणा सुरू झाल्यावर किती वेळ थांबायचं, आणि हात कधी घालायचा?

पाण्याची पिशवी दिसली, जोराच्या कळा सुरू झाल्या आणि अर्ध्या तासात काहीच पुढे सरकलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा. तोवर बघत राहा. नीट येणाऱ्या पिल्लाचे दोन पुढचे खूर आधी दिसतात, टोकाला पिवळसर मऊ, आणि त्या पायांवर टेकलेलं नाक. मागचे दोन्ही पाय आधी आले तरी पिल्लू येतं, फक्त पाय बाहेर आल्यावर उशीर नको. पुढचे की मागचे हे सांध्यांवरून कळतं. खुराजवळचा सांधा आणि त्यावरचा सांधा एकाच दिशेने वाकत असतील तर पुढचे, उलट दिशेने वाकत असतील तर मागचे.

दोन वर्षांमागे जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते, मरणाची थंडी. रात्री दीडला एक पहिलारू पाट कळा द्यायची आणि दोन खूर बाहेर येऊन परत आत जायचे. नाक नाही. नखं कापलेली होती. साबणाने कोपरापर्यंत हात धुतला, गोडं तेल लावलं. आत गेल्यावर कळलं, मान मागे वळून बरगडीला चिकटलीय. कळ थांबली तेव्हा पिल्लू तळहाताने आत ढकललं, तोंडाला बोटांचा आकडा करून मान पुढे आणली. पुढची कळ आली तेव्हा तिच्याबरोबर, शेळीच्या कासेच्या दिशेने खाली ओढलं. पिल्लू आलं, पाठोपाठ दुसरंही आलं. हे लिहिलं ते तुम्ही पहिल्याच खेपेला करावं म्हणून नाही. मी डॉक्टरांशेजारी उभी राहून चार वेळा बघितलं होतं आणि फोनवर ते होतेच. कळ नसताना ओढायचं नाही, एकच पाय धरून ओढायचं नाही, हे दोन नियम मात्र सगळ्यांनी पाळावेत. हात घातला असेल तर नंतर डॉक्टरांकडून प्रतिजैविकाचं इंजेक्शन घ्याच.

वार कधी पडते?

बहुतेकदा दोन-चार तासांत. बारा तास झाले तरी पडली नाही तर डॉक्टर. लोंबत असलेली वार ओढू नका, त्याला दगड-चप्पल बांधू नका. आतली पिशवी फाटते.

पिल्लाचं पहिल्या तासात काय करायचं?

नाका-तोंडातला चिकटा बोटाने काढा आणि पिल्लू आईच्या तोंडापुढे ठेवा, तिला चाटू द्या. नाळ दोन-तीन बोटं ठेवून निर्जंतुक ब्लेडने कापा आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. हळद, राख, शेण काही नको. सडातली पहिली घट्ट धार काढून टाका आणि तासाभराच्या आत चीक पाजा. वार पडेपर्यंत चीक द्यायचा नाही ही जुनी समजूत पिल्लं मारते. दोन किलोच्या पिल्लाला पहिल्या 24 तासांत 200 मिलि चीक मिळाला पाहिजे, चार-पाच वेळांत. तिळ्यांतलं बारकं पिल्लू मागे राहतं, त्याला हाताने धरून सडाला लावा. थंडीत पोत्याचं अंगडं.

व्यायलेल्या शेळीला काय द्यावं?

कोमट पाणी, त्यात गूळ आणि चिमूटभर मीठ. बाजरीची पातळ घाटी चालते. कौतुकाने पायलीभर ज्वारी किंवा शिळ्या भाकऱ्यांचा ढीग पुढे ठेवू नका, पोट आंबून शेळी जाते. भरडा पाच-सहा दिवसांत हळूहळू वाढवा.

पुन्हा कधी भरवायची?

व्यायल्यावर दीड-दोन महिन्यांत माज दिसू शकतो. तो सोडा. पिल्लं तीन महिन्यांची होऊन दुधावरून तुटली आणि शेळीच्या पाठीचा कणा हाताला टोचत नसला की त्यापुढच्या माजावर भरवा. कणा टोचत असेल तर आणखी 21 दिवस थांबा, भरडा सुरू करा आणि पुढचा माज कोणत्या तारखेला येणार ते आजच कॅलेंडरवर लिहा.